फ्रेममधले ‘इंद्रजाल’ जेवत काय होते?

तेंदूपत्त्याचा हंगाम संपून मजुरीचे पैसे हाती आले, की आमच्या मुलचेरा तालुक्यातल्या आठवडी बाजाराला वेगळीच कळा येते. कुणी छपरासाठी कवेलू घेतो, कुणी पोरांचे कपडे, कुणी दुकानाची जुनी उधारी फेडतो. नेमक्या याच दिवसांत बाहेरगावचे विक्रेतेही येतात. त्यांच्या चादरीवर खडे, अंगठ्या, मुळ्या, ताईत मांडलेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वहिनींनी अशाच एका चादरीवरून आठशे रुपयांना एक फ्रेम आणली. काचेमागे काळी, जाळीदार, पंख्यासारखी पसरलेली एक फांदी होती. विक्रेत्याने नाव सांगितले, ‘इंद्रजाल’. दारासमोर टांगा, नजर लागणार नाही, करणी चालणार नाही, आजार उंबरा ओलांडणार नाही, अशी त्याची हमी. वहिनींचा धाकटा मुलगा आदल्या पावसाळ्यात दोनदा तापाने फणफणला होता. मायचे काळीज! वहिनींनी पैसे मोजले.

आम्ही त्यांच्यावर रागावलो नाही. मुलाच्या जिवासाठी माय काय करत नाही? पण सातवीतली आमची पुतणी बराच वेळ त्या फ्रेमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, ह्या झाडाला पानं कशी नाहीत? पानं नाहीत तर हे जेवत काय होतं जी?”

विक्रेत्याला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले, पुस्तके धुंडाळली, मोबाईलवर चित्रे पाहिली. उत्तर हाती यायला पावसाळा उलटला. जे कळले ते प्रत्येक कष्टकरी घराच्या उपयोगाचे आहे, म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

झाड नव्हे, प्राणी

‘इंद्रजाल’ म्हणून जे विकले जाते ते झाड नाही, मुळी नाही, वनस्पतीच नाही. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांचा तो सांगाडा आहे. काही फ्रेममध्ये काळे प्रवाळ असते, तर काहींत समुद्रपंखा नावाचा त्याचा नातलग असतो. जिवंतपणी त्या प्रत्येक फांदीवर शेकडो बारीक जीव दाटीवाटीने बसलेले असतात. प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखी शुंडके. काळ्या प्रवाळाला सहा, समुद्रपंख्याला आठ. शुंडकांवर दंशपेशी असतात. पाण्यातून वाहत येणारा एखादा सूक्ष्म जीव शुंडकाला लागला, की या पेशींतून विषारी सुया सुटतात. भक्ष्य लुळे पडते आणि शुंडके त्याला तोंडाकडे ओढतात. एकाने खाल्लेला घास शेजाऱ्यांनाही मिळतो, कारण सगळे जीव एकाच मांसल आवरणाने जोडलेले असतात. एक चूल आणि हजार तोंडे, असा हा एकत्र संसार आहे.

प्रवाळ हे झाड असल्याचा समज फक्त आपल्याकडेच होता असे नाही. युरोपातले मोठमोठे विद्वानही प्रवाळाला समुद्रातले झुडूप आणि त्यावरच्या जीवांना फुले समजत होते. फ्रान्समधल्या मार्सेय शहराचा डॉक्टर पेसोनेल याने १७२० च्या दशकात लाल प्रवाळ समुद्राच्या पाण्यात ठेवून नीट पाहिले. पाणी शांत असले की ‘फुले’ उमलत, हात लागला की आत ओढली जात. फूल असे करील काय? हे प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तिथले नामवंत शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना ते पटले नाही. त्यांनी हे मत अकादमीपुढे मांडताना पेसोनेलचे नावसुद्धा घेतले नाही. पुढे एका घरगुती शिक्षकाने केलेल्या प्रयोगांनी वारे फिरले, आणि पेसोनेलचे म्हणणे खरे ठरले. त्या शिक्षकाची गोष्ट पुढे येतेच आहे. डोळ्यांनी पाहिलेले खरे मानायचे की मोठ्या नावाचे, हा पेच फार जुना आहे.

शेतवाले प्रवाळ आणि हातावर पोट असलेले प्रवाळ

पुतणीचा प्रश्न पोटाचा होता. त्याचे उत्तर असे, की पोटाच्या दृष्टीने प्रवाळांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यात राहते. तिच्या मांसात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. हे शेवाळ उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. काही प्रवाळांना लागणाऱ्या शक्तीचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग असा घरबसल्या मिळतो. या प्रवाळांना जणू अंगातच शेत आहे. समुद्रातल्या प्रवाळ-भिंती मुख्यतः यांनीच बांधल्या.

दुसऱ्या जातीच्या अंगात शेवाळ नसते, म्हणजे शेत नाही. ऊन पडले काय आणि न पडले काय, त्याने तिचे पोट भरत नाही. पाण्याच्या प्रवाहाने आणून टाकले तेवढेच अन्न. ही जात कड्यांच्या सावलीत, कपारींत, गढूळ पाण्यात आणि सूर्यकिरण कधीच न पोहोचणाऱ्या खोल अंधारात राहते. नॉर्वेजवळच्या थंड काळोख्या समुद्रातही तिच्या मोठ्या वसाहती आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर हे हातावर पोट असलेले प्रवाळ. नाक्यावर उभ्या मजुराने कामाची वाट पाहावी, तसे ते शुंडके पसरून प्रवाहाची वाट पाहतात. मजूर निदान दुसऱ्या नाक्यावर जाऊ शकतो. यांना जागाही बदलता येत नाही.

फ्रेममधले काळे प्रवाळ याच जातीचे. रोज मिळेल तेवढ्यावर जगायचे, म्हणून वाढ अतिशय संथ. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातल्या एका काळ्या प्रवाळाचे वय शास्त्रज्ञांनी चार हजार वर्षांहून अधिक मोजले आहे. सगळीच एवढी जुनी नसतात. तरी भिंतीवर टांगायला जी फांदी कुणी क्षणात मोडून आणतो, ती वाढायला कित्येक वर्षे लागलेली असतात.

आणखी एक उदाहरण तर आपल्या घराघरांत आहे. सोन्याच्या मण्यांत ओवलेले किंवा मंगळ शांत करण्यासाठी अंगठीत बसवलेले लाल पोवळे. अस्सल लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. ते कपारींत आणि खोल सावलीत वाढणाऱ्या अशाच बिनशेतीच्या प्रवाळाचे हाड आहे. त्याची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. भारतीयांना या पोवळ्यांचे किती अप्रूप आहे, हे रोमन लेखक प्लिनीने सुमारे १९५० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. खडू आणि अंड्याचे कवच ज्याचे बनते, त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे पोवळे बनते. दागिना म्हणून ते सुंदर आहे यात शंका नाही. पण मंगळ ग्रहाचा आणि त्याचा संबंध काय, हे अंगठी विकणाऱ्याला जरूर विचारावे.

काचेच्या पेटीत समुद्र

परदेशांत काही हौशी लोक घरात काचेच्या पेट्या ठेवून त्यांत खारे पाणी आणि जिवंत प्रवाळ पाळतात. आपल्या देशात असे करण्याला कायद्याची आडकाठी आहे, ते पुढे सांगतो. पण त्या लोकांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. हातावर पोट असलेल्या जिवाला भरवणे किती कठीण असते, ते त्यातून कळते.

शेतवाल्या प्रवाळांसाठी पेटीवर प्रखर दिवे लावले की निम्मे काम होते. बिनशेतीच्या प्रवाळांना दिव्याचा उपयोग नाही. तिथे माणसालाच समुद्राचा प्रवाह व्हावे लागते. या जातीतले हौशी लोकांचे आवडते प्रवाळ म्हणजे केशरी रंगाचे ‘सूर्य-प्रवाळ’. नाव सूर्याचे, पण सूर्याची गरज मुळीच नाही! आपल्याकडे ते अंदमान आणि लक्षद्वीपच्या समुद्रात आढळते. दिवसा ते मिटून बसते आणि अंधार पडला की पिवळी शुंडके बाहेर काढते. त्यामुळे पाळणारा माणूस संध्याकाळी दिवे मालवतो, पाणी फिरवणारे पंप थांबवतो आणि आधी कोळंबीच्या रसाचे दोन-चार थेंब सोडतो. रसाची चव लागली की मिटलेली तोंडे उघडू लागतात. मग लांब नळीच्या ड्रॉपरने एकेका तोंडाशी बारीक कोळंबीचा तुकडा किंवा आर्टेमिया नावाचा खाऱ्या पाण्यातला किडा सोडायचा. तळहाताएवढ्या वसाहतीला चाळीस-पन्नास तोंडे. घास शेजाऱ्यांत वाटला जातो खरा, पण तो वाट्याला येण्यासाठी बऱ्याच तोंडांत पडावा लागतो. आठवड्यातून निदान दोन-तीनदा, आणि वाढ हवी असेल तर रोज, हा सोहळा करावा लागतो.

त्यातही चोर असतात. पेटीतले मासे आणि झिंगे भरवलेला घास प्रवाळाच्या तोंडातून ओढून नेतात. त्यावर लोकांनी साधी युक्ती काढली आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून टाकायचे, उरलेला भाग घुमटासारखा प्रवाळावर पालथा घालायचा आणि बाटलीच्या तोंडातून नळी आत घालून भरवायचे. घास पोटात गेला की घुमट काढून घ्यायचा. लहान बाळाला पदराआड पाजतात, तसाच प्रकार.

एवढे केले तर सूर्य-प्रवाळ जगते. काही प्रवाळांना मात्र एवढ्यानेही भागत नाही. गुलाबी-लाल रंगाचे एक मऊ प्रवाळ आहे, डेंड्रोनेफ्थिया. त्याला कोळंबीचा तुकडा पकडता येत नाही. हे प्रवाळ मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगते, हे १९९५ साली तांबड्या समुद्रातील अभ्यासातून प्रसिद्ध झाले. त्याला एकदा भरवून चालत नाही. वाहत्या समुद्रासारखे दिवसरात्र थोडे थोडे अन्न पाण्यात येत राहावे लागते. हे कळण्याआधी लोकांनी ते सुंदर म्हणून विकत घेतले आणि चांगल्या उजेडात ठेवले. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ते आक्रसून संपले. समोर पाणी होते, उजेड होता, पण ते भुकेने मेले.

कमी दिले तर उपासमार, जास्त दिले तर विष

मग भरपूर अन्न टाकावे, असे कुणाला वाटेल. आम्ही स्वतः ही चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टापायी घरी गोड्या पाण्याची माशांची पेटी ठेवली होती. मासे उपाशी राहू नयेत म्हणून जो तो येता-जाता चिमूट टाकी. आठ दिवसांत पाणी दुधाळ झाले आणि एका सकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. प्रेम कमी नव्हते, समज कमी होती.

न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया जलचरांना विषासारखा आहे. पाण्यातले उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी घातक असले तरी ते साचत जाते. नदी आणि समुद्र अफाट असतात, घाण वाहून जाते. पेटीतले पाणी मात्र तेच ते. म्हणून बिनशेतीचे प्रवाळ पाळणाऱ्याला एका हाताने भरवावे लागते आणि दुसऱ्या हाताने उपसावे लागते: उरलेला घास नळीने ओढून काढायचा, फेसाबरोबर घाण बाहेर टाकणारे यंत्र चालू ठेवायचे, आणि पाण्याचा काही भाग वरचेवर बदलायचा. अन्न जास्त, पण घाण कमी, असा हा दोरीवरचा खेळ आहे. अनुभवी माणसेही त्यात हरतात.

हे वाचल्यावर पुतणी म्हणाली, “म्हणजे समुद्र हे सगळं रोज फुकट करतो?” होय. आपल्याला हजारो रुपयांत न साधणारे काम समुद्र रोज करतो. म्हणून प्रवाळाचे घर समुद्रातच.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात ही गोष्ट केवळ सल्ल्यावर सोडलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, २००१ साली काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि भिंती बांधणारी प्रवाळे घेतली गेली. त्यांना तोडणे, विकणे, विकत घेणे, घरात बाळगणे हा गुन्हा आहे. जिवंत असो वा वाळलेले, पेटीत असो वा फ्रेममध्ये, कायद्याला फरक पडत नाही. देशात ‘इंद्रजाला’च्या फ्रेम अनेकदा जप्त झाल्या आहेत.

कायदा मोठ्यांनाही लागू आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम सुरू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर लहान लहान प्रवाळ वसाहती आढळल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ असेल, असे फार थोड्यांना वाटले असते! रस्ता महापालिकेचा असला तरी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली १८ वसाहती उचलून दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या. कोकणात मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

आता आमच्या बाजारातल्या चादरीचा हिशेब करू. तिथली फांदी खरी असेल तर ती विकणे आणि घेणे दोन्ही गुन्हा. ती खोटी, प्लॅस्टिकची किंवा कुठल्या मुळीची असेल तर सरळ फसवणूक. दोन्हीकडून नुकसान घेणाऱ्याचेच. विकणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजाराला गेलेला असतो, फ्रेम मात्र आपल्या भिंतीवर राहते. अशी वस्तू विकायला आली तर घेऊ नका; वनविभागाच्या कार्यालयात कळवा.

आमच्या बोडीतला नातलग

पुतणीला एवढ्याने समाधान नव्हते. ती म्हणाली, “पण मला तो घास खाताना बघायचा आहे.” समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. प्रवाळ आणायचे नाही हे ठरलेले. मग सरांनीच वाट दाखवली. शाळेच्या पुस्तकात ‘जलव्याल’ म्हणून एक प्राणी आहे, त्यालाच हायड्रा म्हणतात. हा प्रवाळाचा गोड्या पाण्यातला सख्खा नातलग. तेच एक तोंड, तीच शुंडके, त्याच दंशपेशी. काही हायड्रांच्या अंगात हिरवे शेवाळ असते, म्हणजे ते शेतवाले. तपकिरी हायड्रा मात्र हातावर पोट असलेले. आणि तो कुठे मिळतो? आमच्या बोडीत!

पूर्व विदर्भातल्या बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव आपण धानाला पाणी आणि जेवणाला मासे एवढ्यासाठीच ओळखतो. हिवाळ्यात पाणी निवळले, की कमळाच्या पानांच्या खालच्या अंगाला आणि पाणवनस्पतींच्या देठांना हायड्रा चिकटलेले असतात. पाण्याबाहेर ते इवल्याशा शेंबडाच्या थेंबासारखे दिसतात, म्हणून कुणी पाहत नाही.

आम्ही दिवाळीनंतर एका सकाळी काचेची बरणी घेऊन गेलो. थोडी पाने, थोडे देठ आणि बोडीचेच पाणी भरून आणले. बरणी खिडकीत, पण थेट ऊन लागणार नाही अशी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काचेच्या आतल्या बाजूला चार धागे चिकटलेले दिसले. लांबी अर्धा-पाऊण सेंटीमीटर. भिंगातून पाहिले तर टोकाला पाच-सहा शुंडके, हळूहळू पाण्यात हलणारी.

खाद्य म्हणून पाणपिसू आणल्या होत्या. बोडीच्या कडेला उड्या मारत पोहणारे हे ठिपक्याएवढे जीव जुन्या ओढणीच्या फडक्याने गाळून घेता येतात. एक पाणपिसू पोहत हायड्राच्या शुंडकाला लागली आणि जागीच थबकली. थोडी धडपड केली आणि लुळी पडली. शुंडके वळली, तोंड ताणले गेले, आणि पाहता पाहता अख्खी पाणपिसू त्या धाग्यासारख्या पोटात गेली. बाहेरून ती आत गोळ्यासारखी दिसत होती. घरातली सगळी माणसे बरणीभोवती जमली होती. वहिनी चुलीवरचे सोडून आल्या होत्या.

हायड्राचे तोंड उगाच उघडत नाही. दंश झालेल्या भक्ष्याच्या जखमेतून जो रस झिरपतो, त्यातल्या एका द्रव्याची चव लागली तरच ते उघडते. समुद्र-पेटीवाले कोळंबीचा रस आधी का सोडतात, ते आम्हाला या बरणीत उमगले.

मघा ज्या शिक्षकाचा उल्लेख केला तो अब्राहम ट्रेम्बले. हॉलंडमध्ये हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना तो घरी शिकवीत असे. १७४० साली त्याने अशाच बरण्यांत हायड्रा ठेवले. हे झाड की प्राणी, हे ठरवण्यासाठी त्याने एक हायड्रा आडवा कापला. त्याचा विचार असा, की झाड असेल तर तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरतील. तुकडे जगले! दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले. पण ते चालत होते आणि शिकार करून खातही होते. तेव्हा एका परीक्षेवर न थांबता त्याने पुन्हा पुन्हा पाहिले, आणि तो प्राणीच आहे असे १७४४ च्या आपल्या ग्रंथात मांडले. या प्रयोगांनंतर पेसोनेलच्या प्रवाळाकडेही विद्वान नव्या नजरेने पाहू लागले आणि पेसोनेलचा लेख १७५० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. शिकवणीची दोन मुले आणि काही बरण्या, एवढ्यावर केवढे काम झाले!

बरणीची निगा

ज्या मुलामुलींना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

बोडीवर एकट्याने जाऊ नये, मोठे माणूस बरोबर असावे. बरणी काचेची घ्यावी. तांब्याचे किंवा पितळेचे भांडे मुळीच वापरू नये. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरी हायड्रा मरतो. पाणी बोडीचेच, फडक्याने गाळून घ्यावे. नळाच्या पाण्यात औषध असते, ते वापरू नये.

एका हायड्राला दोन दिवसांआड एक-दोन पाणपिसू पुरे. मेलेले अन्न, भाकरीचा चुरा, अंडे असले काही टाकू नये. खाणे झाले, की काही तासांनी तळाची घाण नळीने काढून तेवढेच ताजे पाणी घालावे. खाद्य मिळाले नाही तर हायड्रा आक्रसतो, पण काही दिवस तग धरतो. पाणी नासले तर मात्र एका रात्रीत जातो. चांगले खाणे मिळाले, की त्याच्या अंगाला कळी फुटते, कळीला शुंडके येतात आणि काही दिवसांत नवा हायड्रा वेगळा होतो. आमच्या चाराचे महिन्याभरात बावीस झाले. पुतणीने तारखेवार वहीत लिहून ठेवले आहे.

एक गोष्ट विसरू नये: बरणीच्या तोंडावर पातळ फडके बांधावे. आपला भाग हिवतापाचा. साठलेल्या पाण्यात डासाने अंडी घालायला नकोत. हायड्रा डासाच्या अगदी लहान अळ्या खातो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पाण्यात हात घातला की साबणाने धुवावा. पाहून झाले की हायड्रा जिथून आणले त्याच बोडीत सोडावेत.

फ्रेमचे काय झाले?

वाचक विचारतील, आणि तोच मुद्दा महत्त्वाचा आहे. फ्रेम भिंतीवर असतानाच या पावसाळ्यात धाकट्याला पुन्हा ताप आला. पहिल्या दिवशी वहिनींनी फ्रेमला हात लावून त्याच्या कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला. पुतणी कुणाला न विचारता आशाताईंना बोलावून घेऊन आली. आशाताईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तिथेच तपासले. हिवताप निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पूर्ण दिवस घेतल्या आणि पोरगा उभा राहिला. आणखी दोन दिवस वाट पाहिली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. आपल्या जंगलपट्टीत तापाचा उशीर किती महाग पडतो, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतरही फ्रेम भिंतीवरच होती. वहिनींना आम्ही काही म्हटले नाही. माणसाची समजूत शब्दांनी काढली तर ती शब्दांपुरतीच राहते. हायड्राने पाणपिसू गिळली त्या संध्याकाळी त्या बराच वेळ बरणीजवळ बसल्या. मग फ्रेमकडे पाहून म्हणाल्या, “बिचारं ते. पाण्यानं आणून दिलं तर खायचं, नाही तर उपाशी. ज्याला आपलं पोट राखता येत नव्हतं, ते मेल्यावर माझ्या लेकराला काय राखणार?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फ्रेम उतरवली. दादांनी ती वनविभागाच्या कार्यालयात नेऊन दिली आणि कुठल्या बाजारात घेतली तेही सांगितले. आठशे रुपये गेले ते गेले. तेवढ्यात दोन चांगल्या मच्छरदाण्या आल्या असत्या, असे वहिनी अजून म्हणतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, वन्यजीवांचा कायदा त्याहून जुना आहे. पण कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. भिंतीवरची फ्रेम घरातल्यांनाच उतरवावी लागते. त्यासाठी घरात एक प्रश्न विचारणारे मूल आणि त्याला गप्प न करणारी मोठी माणसे लागतात.

माता-भगिनींनो, बाजारात कुणी अशी वस्तू पुढे केली, तर एवढेच विचारा: हे जिवंत असताना काय खात होते, कुठे राहत होते आणि कसे मेले? ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या हमीवर आपल्या घामाचा पैसा देऊ नका. आणि मुलांनी असा प्रश्न विचारला तर “गप्प बस” म्हणू नका.

आमच्याकडे भिंतीवरचा तो खिळा अजून आहे. वहिनींनी त्याला मच्छरदाणीची दोरी बांधली आहे.